पिवळा मोझॅक आणि कोकडा : फ्लेव्होनॉइडच्या फवारणीबाबत खरीप सल्ला

सोयाबीन फुलोऱ्याच्या सुमारास आले की शेंड्याकडील कोवळ्या पानांवर शिरांलगत पिवळे-हिरवे चट्टे दिसू लागतात, हाच पिवळा मोझॅक; आणि मिरचीच्या वावरात पाने वर वळून, आखडून कोकडा येतो. दोन्ही रोग विषाणूंचे असून त्यांचा प्रसार पांढरी माशी करते. 2023 च्या खरिपात पिवळ्या मोझॅकने सोयाबीनचे किती नुकसान केले, हे विदर्भातील शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. त्या धास्तीपोटीच ‘फ्लेव्होनॉइडयुक्त, व्हायरसवर रामबाण’ अशी बाटली घ्यावी का, हा प्रश्न पुढे येतो.

फ्लेव्होनॉइडमध्ये तथ्य नाही असे नाही. ही द्रव्ये झाड स्वतःच तयार करते. कांद्याच्या वरच्या टरफलांत क्वेर्सेटिन असते, संत्र्याच्या सालीत हेस्पेरिडिन असते, तर सोयाबीनच्या मुळांतून स्रवणारी याच गटातील द्रव्ये नत्राच्या गाठी बांधणाऱ्या जिवाणूंना मुळांकडे ओढून आणतात. क्वेर्सेटिनमुळे वनस्पतींच्या काही विषाणूंना अटकाव होतो, असे प्रयोगशाळेत दिसलेही आहे. मात्र मोझॅकचा विषाणू पानावर नव्हे, तर अन्नरस वाहणाऱ्या नलिकांत असतो. क्वेर्सेटिन पाण्यात नीट विरघळत नाही, आणि पानावर राहिलेला अर्क पहिल्याच सरीबरोबर धुऊन जातो. म्हणून एकदा पिवळे पडलेले झाड अशा फवारणीने हिरवे होईल, या आशेवर खर्च करू नये.

निंबोळी अर्काचे तसे नाही. त्यातील अझाडिरॅक्टिन हे फ्लेव्होनॉइड नव्हे आणि ते विषाणूलाही मारत नाही. ते किडीचे खाणे व वाढ रोखते, म्हणून त्याचा उपयोग माशी कमी असतानाच होतो. 5 किलो कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्याने पिळून गाळावी, त्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा आणि एकूण द्रावण 100 लिटर करून त्याच दिवशी, शक्यतो सायंकाळी, पानांच्या खालच्या बाजूस पोहोचेल असे फवारावे.

सकाळी माशी सुस्त असताना पान हळूच उलटून पाहावे. झाड हलताच पांढरा भुरका उडत असेल, तर पिवळे चिकट सापळे पिकाच्या उंचीवर लावावेत आणि सुरुवातीची मोजकी रोगट झाडे उपटून पिशवीत घालून वावराबाहेर नेऊन पुरावीत. ती धुऱ्यावर टाकण्याची सवय महागात पडते. मिरचीची रोपे बारीक जाळीखाली वाढवावीत व वावराभोवती मका किंवा ज्वारीची दोन-तीन तासे आधीच पेरलेली असावीत. युरियाचा जादा हात टाळावा, कारण लुसलुशीत पिकावर माशी अधिक बसते.

कीटकनाशकाची गरज पडलीच, तर त्या पिकासाठी शिफारस असलेलेच घ्यावे, पक्के बिल मागावे आणि एकाच पंपात तीन-चार औषधे मिसळू नयेत. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेली विषबाधा लक्षात घेता मास्क, हातमोजे व अंगभर कपडे घातल्याशिवाय, तसेच वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, फवारणी करू नये.