दक्षिण स्पेनच्या अंदालुसियात रेल्वे-बसने फिरताय? या चुका टाळा

माद्रिदहून निघालेली 'आवे' अडीच तासांत तुम्हाला सेव्हिलला, म्हणजे तिथल्या लोकांच्या सेवियाला, आणून सोडते. 1992च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सुरू झालेली ही स्पेनची पहिली अतिवेगवान रेल्वे. 'आवे' म्हणजे स्पॅनिशमध्ये पक्षी, आणि गाडी नावाला जागते. पण या पहिल्या प्रवासाने माणूस इतका खूश होतो, की पुढची सगळी सहल रेल्वेनेच करायची असं ठरवून टाकतो. गडबड तिथेच सुरू होते.

कारण हे रूळ मुळात माद्रिदला जोडण्यासाठी टाकलेले आहेत. अंदालुसियातल्या शहरांना एकमेकांशी जोडणं हा त्यातला दुय्यम भाग. सेवियाहून ग्रानादाला थेट गाडी आहे, पण दिवसातून मोजक्याच वेळा आणि बराच वळसा घेऊन. बस साधारण तीन तास घेते आणि दिवसभर सुटत राहते. मालागा ते ग्रानादा तर बसच बरी, दोन तासांच्या आत पोचवते. रोंदाला सेवियाहून जायचं असेल तर रेल्वेचा नाद सोडाच. रत्नागिरीहून कोल्हापूरला आगगाडीने जाऊ म्हणणारा आपल्याकडे कोणी भेटत नाही, तशातलीच ही गोष्ट. डोंगर मध्ये आला की एसटी.

उलट सेविया-कोर्दोबा, कोर्दोबा-मालागा आणि सेविया-कादिस या टप्प्यांवर बसचा विचारही करू नका. कादिसला गाडी थेट जुन्या शहराच्या तोंडाशी उतरवते. फक्त सेविया-कोर्दोबा या पाऊण तासाच्या प्रवासासाठी महाग 'आवे'चं तिकीट काढून ठेवू नका. त्याच रुळांवर 'आवान्त' नावाची गाडी तितक्याच वेगाने आणि ठरलेल्या भाड्यात धावते. त्याहून स्वस्त हवी असेल तर साधी 'मेदिया दिस्तान्सिया' आहे. ती जुन्या रुंद रुळांवरून सव्वा तासाच्या आसपास घेते. (स्पेनचे जुने रूळ 1668 मिमीचे, आपला ब्रॉडगेज 1676 मिमीचा. आठ मिलिमीटर वगळता घरचेच! 'आवे'साठी मात्र त्यांनी 1435 मिमीचे वेगळे रूळ टाकले.)

दुसरी चूक जास्त महागात पडते: स्टेशनचं नाव वाचून उतरणं. 'अंतेकेरा-सान्ता आना' असं तिकिटावर दिसलं, की अंतेकेरा गाव आलं असं वाटतं. प्रत्यक्षात हे स्टेशन शेतांच्या मधोमध, गावापासून सुमारे 17 किलोमीटरवर आहे. गाडी बदलायला ते ठीक, पण गाव बघायचं असेल तर गावालगतचं स्टेशन वेगळं आहे. ग्रानादाचा बसस्टँडही शहराबाहेर आहे. सामान घेऊन चालत जाण्याचा विचार करू नका, सिटी बस पकडा. मालागात याउलट मजा आहे. रेल्वे स्टेशन आणि बसस्टँड एकमेकांना खेटून आहेत. कोर्दोबातही रस्ता ओलांडला की झालं.

सेवियात बसस्टँड दोन आहेत, प्लाझा दे आर्मास आणि प्रादो दे सान सेबास्तियान. आम्ही दुसऱ्यावर जायचं ते पहिल्यावर पोचलो आणि बस डोळ्यांदेखत नाही, पण घड्याळादेखत गेली. चूक आमचीच. तिकिटावर स्टँडचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं, आम्ही फक्त वेळ वाचली होती.

आता वेळापत्रक. आठवड्याचे वार तिथे एकेका रोमन अक्षराने लिहितात: एल, एम, एक्स, जे, व्ही, एस, डी. मंगळवार आणि बुधवार दोन्ही 'एम'नेच सुरू होतात, म्हणून बुधवारला 'एक्स' दिलाय. आपल्याला फुली दिसली की 'या दिवशी बस नाही' असंच वाटतं, आणि माणूस बुधवारची चांगली बस सोडून देतो. 'फेस्तिव्होस' म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. त्या दिवशी खेड्यांकडच्या बस निम्म्याही नसतात. खिडकीवर 'मान्याना' ऐकलं तर थांबून विचारा, कारण त्याचा अर्थ सकाळही होतो आणि उद्याही. 'प्लाझा' म्हणजे चौक, पण तिकिटावर 'प्लाझा 12' असेल तर ती तुमची सीट आहे, आणि 'कोचे' म्हणजे डबा.

तिकीट काढताना मराठी माणूस आणखी एका जागी अडतो. फॉर्ममध्ये आडनावाचे दोन रकाने असतात, कारण स्पॅनिश माणूस वडिलांचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं लावतो. दुसऱ्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कोंबू नका. पासपोर्टवर जे 'गिव्हन नेम' म्हणून आहे ते नावात, आडनाव पहिल्या रकान्यात आणि दुसरा रिकामा. पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर आधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते बघा. आपल्याकडे ते बंद असणं नेहमीचंच.

नावाचा हा प्रश्न सगळ्यात जास्त भोवतो तो अल्हाम्ब्राला, म्हणजे ग्रानादाच्या टेकडीवरच्या किल्ला-राजवाड्याला. तिकीट तुमच्या नावावर आणि पासपोर्ट क्रमांकावर असतं, आणि मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. त्यातल्या नसरी सुलतानांच्या महालांत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती वेळ हुकली तर महाल हुकले, मग बागा बघत फिरा. म्हणून माझं स्पष्ट मत: आधी अल्हाम्ब्राचं तिकीट, मग गाड्या, मग हॉटेलं. आणि त्याच सकाळी दुसऱ्या शहरातून ग्रानादाला येण्याचं धाडस नको, आदल्या रात्री मुक्कामाला या. शहरातून वर टेकडीवर जायला सी-30 आणि सी-32 या छोट्या बस आहेत.

'आवे'ला सामान एक्स-रे मशीनमधून जातं आणि फलाटाचं दार गाडी सुटायच्या आधीच बंद होतं. धावत्या लोकलमध्ये चढायची सवय इथे कामाला येत नाही. वीस-पंचवीस मिनिटं हाताशी ठेवा.

उन्हाळ्यात दुपारची बस पकडायला उन्हातून बॅगा ओढत निघू नका. 2021च्या ऑगस्टमध्ये कोर्दोबा प्रांतातल्या ला राम्ब्लात 47.6 अंश तापमान नोंदलं गेलं. नागपूर-चंद्रपूरवाले हसतील, पण तेही दुपारी दोनला स्टँडवर उभे राहत नाहीत. चार ते आठ बहुतेक स्वयंपाकघरं बंद असतात, तेव्हा संध्याकाळच्या प्रवासाआधी पोटाची सोय करून ठेवा. शाकाहारी असाल तर सेवियातला पालक-हरभऱ्याचा पदार्थ शोधा. कोर्दोबाच्या साल्मोरेखोवर, म्हणजे टोमॅटोच्या थंडगार घट्ट सूपवर, डुकराचं मांस भुरभुरलेलं असतं, तेव्हा आधीच 'सिन हामोन' सांगा.

तारिफाला पोचल्यावर समोर आफ्रिका दिसते आणि टँजिअरची बोट तासाभरात नेते, मोह होतोच. मोरोक्कोच्या व्हिसाचं बघालच, पण त्याआधी शेंगेन व्हिसावरचा प्रवेशांचा आकडा वाचा. तिथे 'मल्ट' (अनेक प्रवेश) नसून नुसता 1 असेल, तर बोटीत बसताना तो प्रवेश संपतो. परतीच्या विमानाचं तिकीट माद्रिदचं असतं आणि तुम्ही टँजिअरच्या बंदरात उभे.