दागिन्याचा घाट आणि पेढीचे नाव: नक्कल रोखण्यासाठी काय करावे

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन असूनही बाहेरगावी विणलेला माल त्याच नावाने खपवला जातो, हे सोलापुरात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. स्वतःचे घाट, म्हणजे दागिन्यांच्या रचना, घडवणाऱ्या आपल्या सराफांवरही तीच वेळ येते. चादरीचे मानांकन सर्वांचे मिळून असते; मात्र दागिन्याच्या घाटाचे हक्क ज्याचे त्याने, आणि वेळेत, मिळवावे लागतात.

नवा संच तयार झाला की त्याची छायाचित्रे लगेच व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर जातात आणि नेमके तेथेच नुकसान होते. डिझाइन्स अधिनियम, २००० नुसार अर्ज करण्यापूर्वी तो घाट भारतात किंवा परदेशात कोठेही प्रसिद्ध झालेला चालत नाही. म्हणून गड्डा यात्रेसाठी किंवा लग्नसराईसाठी काढलेला नवा दागिना काचपेटीत मांडण्याआधी त्याची सर्व बाजूंची छायाचित्रे जोडून ऑनलाइन अर्ज दाखल करावा. नोंदणी १० वर्षे टिकते आणि आणखी ५ वर्षे वाढवता येते. ठुशी, बोरमाळ, वज्रटीक यांचे पारंपरिक घाट कोणा एकाच्या मालकीचे नाहीत, आणि ते तसेच राहावेत असे मला मनापासून वाटते; परंतु ठुशीला जोडलेल्या पदकाची आपली नवी रचना नोंदवता येते. रेखाचित्र आपले आहे म्हणजे कॉपीराइट आहेच, या भरवशावर राहू नये, कारण नोंदणीयोग्य घाट न नोंदवता औद्योगिक पद्धतीने त्याचे ५० पेक्षा जास्त नग काढले गेले, तर त्या घाटावरचा कॉपीराइट संपतो.

घाट बाहेरच्या कारागिराकडून किंवा संगणकावर आराखडे काढणाऱ्याकडून करून घेतला असेल, तर हक्क पेढीकडे राहतील असा लेखी करार काम सुरू होण्यापूर्वीच करावा.

पेढीचे नाव आणि बोधचिन्ह यांची ट्रेडमार्क नोंदणी वर्ग १४ मध्ये, म्हणजे दागिन्यांच्या वर्गात, होते. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाचे शुल्क ४,५०० रुपये आहे; नोंदणीचे दर १० वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. नुसते आडनाव आणि पुढे ‘ज्वेलर्स’ असे नाव कमकुवत ठरते, म्हणून वेगळे ओळखू येणारे चिन्ह निवडावे. आपल्याशी मिळतेजुळते नाव ट्रेडमार्क जर्नल या सरकारी नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तर ४ महिन्यांच्या आत विरोध नोंदवता येतो.

तयार दागिन्यावरून रबराचा साचा घेऊन ओतलेली नक्कल बहुधा भिंगाखाली उघडी पडते. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे असा नग मूळ नगापेक्षा किंचित लहान भरतो. रव्यांच्या, म्हणजे सोन्याच्या बारीक मण्यांच्या, कडा बोथट दिसतात, दोन रव्यांमधली फट बुजलेली असते आणि मागच्या बाजूला बारीक छिद्रे आढळतात. ही तुलना पुढे न्यायालयातही दाखवता यावी, यासाठी प्रत्येक घाटाचा एक मूळ नग, आणि ते शक्य नसल्यास त्याची मोजमापे, वजन आणि मागच्या बाजूची छायाचित्रे, तारखेसह जपून ठेवावीत.

नक्कल आढळली की विक्रेत्याशी वाद घालू नये. एक नग रीतसर बिल घेऊन विकत घ्यावा, ऑनलाइन विक्री असेल तर पानाची तारखेसह नोंद ठेवावी आणि संबंधित संकेतस्थळाकडे नोंदणी क्रमांकासह तक्रार करावी. त्यानंतर वकिलामार्फत नोटीस पाठवावी. मात्र आधार नसताना दिलेल्या धमकीविरुद्ध समोरचाच दावा करू शकतो, म्हणून नोंदणीची कागदपत्रे हाती असल्याशिवाय नोटीस पाठवू नये. नोंदणीकृत ट्रेडमार्कच्या भंगाचा दावा आपला व्यवसाय जेथे आहे तेथील जिल्हा न्यायालयात करता येतो, ही सोलापूरच्या छोट्या पेढीसाठी मोठी सोय आहे. घाटाच्या दाव्याला ही सवलत नाही. तेथे प्रतिवादीचे ठिकाण किंवा नक्कल कोठे विकली गेली हे पाहावे लागते. मनाई हुकूम हवा असेल तर दिरंगाई करू नये, कारण माहिती असूनही गप्प राहिलेल्या पेढीची निकड न्यायालयाला पटवणे अवघड जाते.

हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, घाट कोणाचा हे सांगत नाही. तरीही हॉलमार्क केलेल्या प्रत्येक नगावरचा सहा अक्षर-अंकांचा वेगळा ओळख क्रमांक (एचयूआयडी) भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तपासला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि सराफाचा नोंदणी तपशील दिसतो. तो क्रमांक बिलावर छापावा आणि ग्राहकासमोरच तपासून दाखवावा. आपल्या नावाच्या नगावर दुसऱ्याच सराफाचा तपशील निघाला, तर त्याच अ‍ॅपवरून तक्रार नोंदवता येते.