दोन्ही सर्व्हरनी एकमेकांना बंद केलं तेव्हा

महापेच्या डेटा सेंटरमध्ये आमचा दोन सर्व्हरचा पेसमेकर-कोरोसिंक क्लस्टर आहे, म्हणजे एक पडला तर दुसरा काम उचलतो. परवा रात्री नेटवर्कचा एक स्विच रीस्टार्ट झाला आणि दोन्ही सर्व्हर एकदमच बंद पडले. रॅकसमोर उभा होतो. पंख्यांचा आवाज थांबला तसं पोटात गोळाच आला.

कारण लॉगमध्ये सापडलं. दोघांमधली हार्टबीट, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ हा सततचा निरोप, त्या एकाच स्विचमधून जात होती. ती तुटताच प्रत्येकाला वाटलं, समोरचा मेला. फेन्सिंगचं, म्हणजे मेलेल्या वाटणाऱ्या सर्व्हरला सक्तीने बंद करण्याचं, नेटवर्क मात्र वेगळं आणि शाबूत. मग दोघांनीही आयपीएमआयवरून (सर्व्हर दुरून चालू-बंद करायची सोय) एकमेकांची वीज तोडली. फेन्सिंगच काढून टाका, असं अनेकजण सुचवतात. कृपा करून तसं करू नका. दोन्हीकडून एकाच डिस्कवर लिहिलं गेलं तर डेटाची वाट लागते.

त्याच रात्री पहिल्या सर्व्हरला पाडणाऱ्या फेन्स डिव्हाइसवर ‘पीसीएमके_डिले_बेस’ (पाडण्याआधीचा थांबा) १० सेकंद ठेवलं. म्हणजे झुंज लागलीच तर पहिला टिकतो. दुसऱ्या दिवशी हार्टबीट सांभाळणाऱ्या कोरोसिंकला दुसरी लिंक दिली, वेगळ्या स्विचमधून.

खरा दिलासा तिसऱ्या मताने दिला. ठाण्याच्या ऑफिसात छोट्या मशीनवर क्यूनेटडी (दोघांत तुटलं तर कोणी चालू राहायचं यावर मत देणारा प्रोग्राम) बसवलं, फायरवॉलमध्ये टीसीपी ५४०३ पोर्ट उघडलं. क्यूडिव्हाइस (क्यूनेटडीशी बोलणारा सर्व्हरवरचा भाग) आल्यावर ‘टू_नोड’ (दोनच मतं असलेल्या क्लस्टरचं कोरोसिंकमधलं सेटिंग) बंद असायला हवं, ते आवर्जून तपासा.

मग हार्टबीटच्या दोन्ही केबल हाताने उपसल्या. दुसरा सर्व्हर पडला, पहिला चालू राहिला, डेटाबेस जागचा हलला नाही.