वेबसाइटची थीम बदलताय? या चुका टाळा

थीम बदलली की साइटवरचं सगळं उडून जाईल, ही धास्ती आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच दुकानदारांना असते. साइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये तसं होत नाही. पानं, लेख, मालाची यादी, ऑर्डरी डेटाबेसमध्ये असतात, फोटो अपलोड्सच्या फोल्डरमध्ये असतात, आणि थीम ते फक्त मांडून दाखवते. घोटाळा होतो तो थीमच्या पोटात कुणीतरी ठेवून दिलेल्या गोष्टींचा.

बिबडे, पापड, कुरडया विकणाऱ्या एखाद्या घरगुती उद्योगाची साइट घ्या. ज्याने ती करून दिली त्याने साइटवर किती लोक येतात ते मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सचा कोड थीमच्या हेडर फाइलमध्ये चिकटवलेला असतो. साइट तुमचीच आहे हे गूगलला पटवणारा सर्च कन्सोलचा पडताळणीचा टॅगही तिथेच. खाली कोपऱ्यातलं व्हॉट्सॲपचं हिरवं बटण थीमच्या सेटिंगमधून आलेलं. नवी थीम ॲक्टिव्हेट केली की तिन्ही गोष्टी एका क्षणात जातात, आणि कुठलाही एरर येत नाही. म्हणूनच ही चूक मला सगळ्यात घातक वाटते: साइट छान दिसत असते आणि व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ऑर्डरी आटलेल्या असतात. कस्टमायझरमधली 'ॲडिशनल सीएसएस', म्हणजे रंग-अंतर ठरवणाऱ्या जास्तीच्या ओळी, हीसुद्धा त्या-त्या थीमपुरतीच असते. चाइल्ड थीमवर (मूळ थीमवर बेतलेल्या उपथीमवर) जातानाही ती आपोआप सोबत येत नाही. त्यामुळे आधी जुन्या थीमची हेडर, फुटर आणि फंक्शन्सची फाइल उघडून बघा, सीएसएस कॉपी करून ठेवा, आणि ट्रॅकिंगचे कोड प्लगिनमध्ये (वर्डप्रेसला वेगळ्या जोडायच्या सुविधेत) हलवा. पुढच्या वेळी मग हा प्रश्नच उरत नाही.

चालू साइटवर प्रयोग

बरेच होस्टिंगवाले (साइटला सर्व्हरवर जागा देणारे) स्टेजिंगची, म्हणजे गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या चाचणीच्या साइटची, सोय देतात. तिथे साइटची नक्कल करून नवी थीम लावा. बॅकअप फाइल्सचा आणि डेटाबेसचा, दोन्हींचा घ्या आणि तो होस्टिंगच्याच सर्व्हरवर ठेवू नका. एक प्रत स्वतःच्या कॉम्प्युटरवर किंवा ड्राइव्हवर हवी. थीमसोबत मिळणारा डेमो चालू साइटवर कधीच इम्पोर्ट करू नका. तो आपली पानं, फोटो, मेनू घेऊन येतो आणि कित्येकदा तुमचं मुखपृष्ठही बदलून टाकतो.

स्टेजिंगवरून परत येताना दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. एक, स्टेजिंगचा सगळा डेटाबेस चालू साइटवर चढवतात, आणि मधल्या काळात आलेल्या ऑर्डरी पुसल्या जातात. दुकानाची साइट असेल तर फक्त थीम आणि तिची सेटिंग न्या. दुसरं, स्टेजिंग गूगलला दिसू नये म्हणून रीडिंग सेटिंगमध्ये जी खूण केलेली असते, ती तशीच चालू साइटवर येते. मग साइट हळूहळू सर्चमधून बाहेर पडते. बदल झाल्यावर ती खूण काढलेली आहे ना, हे स्वतः उघडून बघाच.

मराठी मजकूर बघायचा राहतो

थीमचा डेमो इंग्रजीत असतो आणि तो बघूनच निवड होते. अनेक थीम्समध्ये शीर्षकाला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असतं. इंग्रजी अक्षरं त्याने ऐसपैस दिसतात, पण देवनागरीत शिरोरेषा तुटते. 'केळीचे आजचे भाव' हे शीर्षक 'के ळी चे आ ज चे' असं सुटं-सुटं दिसू लागतं. सीएसएसमध्ये शीर्षकांचं लेटर-स्पेसिंग शून्य करा. ओळींमधलं अंतरही तपासा: अक्षराच्या आकाराच्या १.२ पट एवढं ठेवलं तर दोन ओळींच्या शीर्षकात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्या-रफारांना भिडतात. शीर्षकाला १.४ आणि मजकुराला १.७ च्या आसपास मला बरं वाटतं.

थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ब्राउझर त्या-त्या यंत्रातला फॉन्ट उचलतो, म्हणून अँड्रॉइडवर एक रूप आणि विंडोजवर दुसरंच. मुक्ता, हिंद, बालू किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांपैकी एक मुद्दाम लावा. आपल्या भाषेचं दुकान आपल्या भाषेत नीट वाचता आलं पाहिजे, याबाबत तडजोड करू नये.

बिघडलंच तर

मेनू दिसेनासा झाला तर तो पुसला गेलेला नसतो, त्याची जागा सुटलेली असते. अपिअरन्समध्ये मेनूच्या पानावर जाऊन जागा पुन्हा नेमा. विजेट्स (साइडबार-फुटरमधल्या छोट्या चौकटी) 'इनॲक्टिव्ह'मध्ये सापडतील. पानावर चौकटी कंसातला विचित्र मजकूर आला तर तो जुन्या थीमचा शॉर्टकोड, म्हणजे तिलाच कळणारी खूण, आहे. तो काढून ब्लॉकने तो भाग नव्याने बांधा. फोटो ताणलेले दिसले तर थंबनेल (फोटोंच्या लहान प्रती) पुन्हा तयार करणारं प्लगिन चालवा. काहीच बदललेलं दिसत नसेल तर कॅश (साठवून ठेवलेली जुनी प्रत) साफ करा.

पान पांढरं झालं किंवा गंभीर त्रुटीचा संदेश आला तर ५.२ या आवृत्तीपासून वर्डप्रेस ॲडमिनच्या ईमेलवर रिकव्हरी मोडची (बिघाड बाजूला ठेवून ॲडमिनमध्ये शिरायची) लिंक पाठवतं. पण तो ईमेल बहुधा साइट करून देणाऱ्या पोराचा असतो, आणि तो पोरगा आता पुण्यात नोकरीला! म्हणून जनरल सेटिंगमध्ये स्वतःचा ईमेल आधीच टाका. लिंक नाहीच मिळाली तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून नव्या थीमच्या फोल्डरचं नाव बदला आणि ॲडमिनमध्ये थीम्सचं पान उघडा. वर्डप्रेसची एखादी डीफॉल्ट थीम तिथे असेल तर साइट तिच्यावर येते. त्यासाठी अशी एक थीम कायम ठेवावी.

फुकटात मिळणाऱ्या चोरीच्या प्रीमियम थीम्स घेऊ नका. त्यात अनेकदा साइटचा ताबा घेणारा कोड दडवलेला असतो, आणि तो काढणं थीमच्या किमतीपेक्षा महाग पडतं.

वेळ गिऱ्हाइकी बघून ठरवा. सराफाच्या साइटला आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) किंवा धनतेरसच्या तोंडावर हात लावू नये. पापडवाल्यांनी उन्हाळा जाऊ द्यावा. शक्यतो सोमवारी किंवा मंगळवारी रात्री करा, म्हणजे पुढचे दिवस दुरुस्तीला हाताशी राहतात. नंतर वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, साध्या फोनवरून एक खरी ऑर्डर द्या, फॉर्म भरा, व्हॉट्सॲपचं बटण दाबा. यावल-शिरपूरच्या गावांतलं गिऱ्हाईक साइट अशीच उघडतं. जुनी थीम महिनाभर काढू नका. तेवढ्यात काही राहून गेलेलं आठवलं तर तिच्या फाइल्समध्ये ते सापडेल.