पेट्रोल गाडीची इग्निशन कॉइल घरी कशी बदलावी

चढावर गाडी झटके देऊ लागली, सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग थरथरू लागले आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग मारते’ असे म्हणतात. चारपैकी एका सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही, तिथले पेट्रोल न जळताच बाहेर जाते आणि उरलेल्या तिघांना चौथ्याचे ओझे ओढावे लागते. या दुखण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे बिघडलेली इग्निशन कॉइल. ती बदलणे हे फार तर अर्ध्या तासाचे काम आहे. चारांतली कोणती कॉइल गेली आणि मुख्य म्हणजे ती का गेली, हे शोधायला मात्र खरा वेळ लागतो, आणि घाईत चूक होते ती तिथेच.

कॉइल म्हणजे एक छोटा ट्रान्सफॉर्मर. बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून ती २० ते ४० हजार व्होल्टपर्यंत नेते आणि तो दाब स्पार्क प्लगच्या टोकाशी असलेल्या जेमतेम एक मिलिमीटरच्या फटीतून ठिणगी उडवतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ ठिणग्या पडतात. जुन्या गाड्यांत एकाच कॉइलमधून डिस्ट्रिब्युटर आणि जाड वायरींमार्फत सगळ्या प्लगना वीज जात असे. मारुती सुझुकीची के-मालिकेतील १.२ लिटरची इंजिने, ह्युंदाईचे १.२ लिटरचे कप्पा इंजिन यांसारख्या अलीकडच्या इंजिनांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते, आणि पुढची माहिती अशाच रचनेची आहे. डिझेल गाडीत हा भागच नसतो, त्यामुळे डिझेल गाडी झटके देत असेल तर कारण अन्यत्र शोधावे.

पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश घरापर्यंत जाता येते. तो लुकलुकत असेल तर मात्र गाडी बाजूला घ्यावी, कारण न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या भागात) जाऊन पेटते, आतली जाळी तापून वितळू शकते, आणि तो भाग कॉइलच्या कित्येक पट महाग असतो.

दोष शोधण्यासाठी स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड जिथून वाचता येतात तिथे) लावायचा छोटा स्कॅनर आणि मोबाइलमधील एखादे अ‍ॅप पुरेसे आहे. पी०३०१ ते पी०३०४ या कोडमधील शेवटचा आकडा म्हणजे ज्या सिलिंडरमध्ये मिसफायर (म्हणजेच मिसिंग) होतो आहे त्याचा क्रमांक. पी०३५१ ते पी०३५४ हे कोड त्या त्या कॉइलच्या विद्युत मंडलातील दोष दाखवतात, तर पी०३०० म्हणजे कोणत्याही एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही असा मिसफायर. सिलिंडर बहुधा टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूने, म्हणजे गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकापासून मोजतात. कोड आधीच लिहून ठेवावा, कारण बॅटरी काढली की तो पुसला जाण्याची शक्यता असते.

मात्र पी०३०३ दिसले म्हणजे तिसरी कॉइलच गेली असे नव्हे. प्लग, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, तुटकी वायर किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. खंबाटकी घाट चढताना माझ्या गाडीने असेच झटके दिले, तेव्हा एका गॅरेजने थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) साफ करून बिल हाती ठेवले आणि पुढच्याच चढावर गाडी पुन्हा तशीच अडखळली. शेवटी उपयोगी पडली ती फुकटची चाचणी. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवावी, कोड पुसावा आणि गाडी फिरवून आणावी. नवा कोड पी०३०१ आला, म्हणजे दोष कॉइलसोबत सरकला, तर कॉइल दोषी. तो पी०३०३ वरच थांबला तर नवी कॉइल विकत घेऊन काहीही साधणार नाही. चालू इंजिनावर एकेक कॉइल उपटून फरक ऐकण्याची जुनी पद्धत अजून पाहायला मिळते. ती कटाक्षाने टाळावी. हजारो व्होल्टचा झटका बसतोच, शिवाय ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकालाही, इजा होऊ शकते.

नवी कॉइल घेताना जुनीवर छापलेला पार्ट नंबर जुळवून घ्यावा. दिसायला हुबेहूब असलेल्या दोन कॉइलच्या पिनांची रचना वेगळी असू शकते, आणि बनावट मालाचा या भागात सुळसुळाट आहे, म्हणून खात्रीच्या दुकानातूनच खरेदी करावी. हत्यारांत १० मिमीची गोटी (सॉकेट पाना), लांब एक्स्टेन्शन, रॅचेट आणि प्लगच्या मापाची गोटी लागते. प्लगची गोटी आतून रबर किंवा चुंबक असलेली घ्यावी, म्हणजे प्लग वर उचलताना निसटत नाही.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि ते गरम असताना प्लग खोलल्यास आटे खराब होण्याचा धोका असतो. चावी काढून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. त्यानंतर वरचे प्लॅस्टिकचे झाकण किंवा काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा काढावा लागतो. डबा काढल्यावर हवेच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडके कोंबून ठेवावे. तिथून आत पडलेला एखादा नट फार महागात पडतो.

आता कॉइलचा कनेक्टर. सर्वाधिक मोडतोड इथेच होते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याचा खटका पापडासारखा ठिसूळ झालेला असतो आणि वायर धरून ओढले की तो तुटून हातात येतो. कनेक्टर आधी किंचित आत ढकलावा, मग खटका दाबावा आणि प्लॅस्टिकला धरूनच मागे घ्यावा. याच वेळी वायरी नीट पाहाव्यात. पावसाळ्यात उबेला आलेल्या उंदरांनी कुरतडलेली वायर हेही मिसिंगचे कारण असू शकते.

१० मिमीचा बोल्ट काढल्यावर कॉइल लगेच वर ओढू नये. तिचे रबरी बूट प्लगला घट्ट चिकटलेले असते, म्हणून कॉइल डावीउजवीकडे थोडी थोडी फिरवून सुटी करावी आणि मग सरळ वर उचलावी. तिरकी ओढल्यास बूट फाटून अर्धे खालीच राहते.

काढलेली कॉइल उजेडात धरून पाहावी, कारण ती का गेली याचे उत्तर बहुधा तिच्या अंगावर लिहिलेले असते. बुटाच्या रबरावर पेन्सिलीने ओढावी तशी केसाएवढी बारीक रेघ दिसली, तर ठिणगी फटीतून न जाता रबर भेदून बाजूच्या धातूत उतरत होती असे समजावे. प्लग झिजून त्याची फट रुंदावली की ठिणगीला जास्त दाब लागतो, आणि चढावर इंजिनावर भार आल्यावर तो आणखी वाढतो. तो पुरवता पुरवता कॉइलचे इन्सुलेशन हार मानते. बूट तेलाने माखलेले असेल तर प्लगच्या विहिरीच्या (प्लग ज्या खोल भोकात बसतो त्याच्या) तोंडाशी असलेले सील किंवा व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट गळते आहे. माझ्या बाबतीत हेच निघाले: विहिरीच्या तळाशी काळे तेल साचले होते आणि बुटाचे रबर फुगून मऊ पडले होते. गंज किंवा पाण्याचे डाग दिसले तर गाडी धुताना बोनेटखाली मारलेला पाण्याचा फवारा आठवावा. ही मूळ कारणे तशीच ठेवून बसवलेली नवी कॉइलही फार दिवस टिकत नाही.

प्लग खोलण्यापूर्वी विहिरीत हवा मारून धूळ उडवावी. कॉम्प्रेसर नसल्यास सायकलचा पंपही चालतो, मात्र डोळ्यांवर चष्मा असावा. तेल साचले असेल तर फडक्याने टिपून घ्यावे, नाहीतर प्लग सुटताच ते सिलिंडरमध्ये उतरते. प्लगचे किलोमीटर भरले असतील तर चारही प्लग याच वेळी बदलावेत. नवा प्लग एक्स्टेन्शनला लावून, रॅचेटशिवाय, बोटांनीच तीन-चार फेरे फिरवावा. पहिल्याच फेऱ्यात अडला तर तो तिरका बसतो आहे, तेव्हा काढून पुन्हा लावावा. शेवटचा आवळ गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाइतकाच द्यावा.

नव्या कॉइलच्या बुटाच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात फिरवावा. साधे ग्रीस वापरू नये, त्याने रबर फुगते. कॉइल सरळ खाली दाबली की प्लगवर बसल्याची जाणीव हाताला होते. बोल्ट लहान असतो, म्हणून तो बेताने आवळावा. कनेक्टर ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावा आणि हलके ओढून खात्री करावी. काम एका वेळी एकाच सिलिंडरवर केले तर कनेक्टरांची अदलाबदल होत नाही.

एक कॉइल गेली म्हणून चारही बदलाव्यात का? माझ्या मते नाही. उरलेल्या तिघींची बुटे स्वच्छ आणि अखंड असतील तर त्यांना काढण्याचे कारण नाही. मात्र गाडी लाखभर किलोमीटर चाललेली असेल आणि लांबचा प्रवास वारंवार घडत असेल, तर एक जादा कॉइल आणि १० मिमीचा पाना डिकीत ठेवावा.

शेवटी हवेच्या तोंडातले फडके आठवणीने काढून डबा आणि झाकण बसवावे आणि बॅटरी जोडावी. घड्याळ आणि काचांचे ऑटो बटण काही गाड्यांत पुन्हा सेट करावे लागते. इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटे आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, राहू द्यावे, कोड पुसावा आणि मग जवळचा एखादा चढ गाठून तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर चांगला दाबून पाहावे. सपाट रस्त्यावर लपून राहणारा दोष चढावर उघडा पडतो. तिथे गाडी एकसारखी ओढत गेली आणि परतल्यावर स्कॅनरवर नवा कोड दिसला नाही, तर काम झाले.