नाशिकसारख्या शहरात डेटा सेंटर चालेल का? जमीन बघायच्या आधी हे तपासा

डेटा सेंटर टाकायचं म्हटलं की लोक आधी एमआयडीसीत प्लॉट बघायला निघतात. प्लॉट नंतर बघा, आधी आपले सर्व्हर तुमच्याकडे ठेवणारं गिऱ्हाईक शोधा.

नाशिकचंच घ्या. "लोकल सर्व्हर म्हणजे फास्ट" हे डोक्यातून काढून टाका, कारण फायबरमधून १०० किमी जाऊन-येऊन साधारण १ मिलिसेकंद लागतो, म्हणजे मुंबई इथून दोन-तीन मिलिसेकंदांवर आहे आणि बिलिंग किंवा ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला तेवढा फरक कळतही नाही. समुद्राखालच्या केबल मुंबईत येतात, मोठे क्लाउडवाले तिथेच, म्हणून नवी मुंबईतले ऐरोली, महापे, रबाळे डेटा सेंटरांनी भरत गेले. त्यांच्याशी स्पर्धा नको.

मग उरतात सहकारी बँका, स्कॅन वर्षानुवर्षं साठवणारी हॉस्पिटलं, सातपूर-अंबडचे कारखाने, लोकल इंटरनेटवाले. यांच्या आयटीवाल्याला प्रत्यक्ष भेटा, फोनवर खरं कळत नाही. सर्व्हर रूममध्ये घेऊन चला म्हणा आणि यूपीएसच्या डिस्प्लेवर लोड, म्हणजे प्रत्यक्ष किती वीज खेचली जातेय ते वाचा. तोंडी यूपीएसची क्षमता १० केव्हीए सांगतात आणि चालू असतात जेमतेम तीन किलोवॅट, हे सर्रास होतं. मार्केट स्क्वेअर फुटात नाही, किलोवॅटमध्ये मोजायचं. सर्व्हर किती जुने, एएमसी (वार्षिक देखभाल करार) कधी संपतेय आणि पुढे क्लाउडवर जायचा विचार आहे का, हे विचाराच, जाणार असतील तर तो लोड सरळ वजा करा. "बघू, कळवतो" म्हणजे शून्य, लेखी देतील तेवढंच धरा.

आता वीज, खरा खर्च इथे आहे. १ मेगावॅट आयटी लोड आणि पीयूई (कूलिंगसकट एकूण वीज भागिले आयटीची वीज) १.५ धरला तर पूर्ण लोडवर वर्षाला साधारण १ कोटी ३१ लाख युनिट लागतात, त्यामुळे युनिटमागे एक रुपया वाढला तरी सव्वा कोटीच्या वर फटका. दोन वेगवेगळ्या सबस्टेशनवरून फीडर (वीज आणणारी लाइन) मिळेल का, हे महावितरणकडून लेखी घ्या, एकाच सबस्टेशनचे दोन फीडर उपयोगाचे नाहीत.

फायबरचंही तसंच, दोन कंपन्या असल्या तरी डक्ट (केबलचा जमिनीखालचा पाइप) एकच असू शकतो आणि मग एका जेसीबीने दोन्ही लाइन जातात, म्हणून रूट मॅप मागाच.

एवढं करून लेखी लोड शंभर किलोवॅटच्याही आत येत असेल तर बिल्डिंग बांधू नका, नवी मुंबईत रॅक (सर्व्हर ठेवायची कपाटं) भाड्याने घ्या, सपोर्ट नाशिकमधून द्या आणि दर सहा महिन्यांनी लोड परत मोजा.