आळंदी ते पुणे पायी : या चुका टाळा

ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीचं आळंदीहून पंढरपूरकडे प्रस्थान होतं आणि नवमीला ती पुण्याकडे निघते. दरवर्षी ही अष्टमी जवळ आली की मला फोन सुरू होतात. "यंदा आम्हीपण येतोय, काय काय घ्यायचं?" सगळं सांगतो. समोरचा 'हो हो' म्हणतो आणि नवमीच्या सकाळी आळंदीजवळच्या थोरल्या पादुकांपाशी भेटतो तो कोऱ्या करकरीत बुटांत.

म्हणून आधी बुटांचंच. आळंदीहून पालखीच्या मुक्कामापर्यंत, भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरापर्यंत, अठ्ठावीस-एकोणतीस किलोमीटर होतात, तेही जवळपास सगळे डांबरावर. पहिल्या वर्षी मीही हा शहाणपणा केला होता. दिघीपर्यंत ठणठणीत. विश्रांतवाडीला टाच चुरचुरायला लागली, तरी 'होईल कमी' म्हणत रेटलं. मध्येच एक सर येऊन मोजे भिजवून गेली. फुलेनगरला मोजा सोलून काढला तेव्हा टाचेचं कातडं त्यालाच चिकटून आलं. शेजारी एक आजी फडक्यातली दशमी सोडत बसल्या होत्या. पायात झिजलेली प्लास्टिकची चप्पल, तिचा एक पट्टा सुतळीनं बांधलेला. माझ्या पायाकडे बघून म्हणाल्या, "वारीला कुणी नवं पायताण घालतंय का, माऊली?" त्या पंढरपूरला निघाल्या होत्या. मी तिथूनच घरी, आणि रस्ते बंद असल्यामुळे रिक्षा मिळेपर्यंत दोन किलोमीटर लंगडत.

आता मी वर्षभर वापरलेल्या सँडलच घालतो. निघायच्या आधीच टाचेला चिकटपट्टी, पिशवीत कोरडे मोजे. जरा चुरचुरलं की तिथेच फुटपाथवर बसायचं, पुढच्या विसाव्याची वाट बघायची नाही. आधीच्या महिन्यात एका रविवारी पंधरा किलोमीटर चालून बघा म्हणतो, ते कुणीच करत नाही.

गाडी आळंदीत लावू नका. संध्याकाळी तुम्ही पुण्यात, गाडी आळंदीत.

'रथापाशी भेटू' असं ठरवू नका. फोन लागत नाही आणि रथापाशी अख्खा महाराष्ट्र असतो. चौक ठरवा, दुकान ठरवा, वेळ ठरवा.

वाटेत जे हातात पडेल ते खाऊ नका. केळी, चहा, साबुदाण्याची खिचडी, परत चहा, लाडू... सगळं प्रेमानं देतात, पण पोट एकच असतं. मी केळं घेतो, बाकीच्यांना हात जोडतो. उलट पाणी मात्र पीत राहा. स्वच्छतागृहाच्या धास्तीनं बायका दिवसभर पाणी टाळतात आणि संगमवाडीला चक्कर येते. वाटेवर फिरती शौचालयं असतात, दिसेल तिथे जाऊन घ्या.

आता माझं खरं दुखणं : दिंडीत घुसणं. दिंडी म्हणजे गर्दी नव्हे. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, मागे विणेकरी, त्यांच्यामागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. पुढे जायची घाई झालेले लोक या रांगांमधून आडवे सुटतात, वर मोबाइल उंच धरून. मीही एकदा विणेकऱ्यांच्या पुढून सटकायला गेलो. एका टाळकऱ्यानं टाळ न थांबवता कोपरानंच मला बाजूला सारलं. अभंग संपल्यावर म्हणाला, "माऊली, विण्याला आडवं जाऊ नये. मागं या, चाल आपोआप लागंल." आणि लागली. दोन तास त्या दिंडीच्या कडेनं चाललो, पाय दुखल्याचं आठवतसुद्धा नाही. 'सहा तासांत संपवली' म्हणणाऱ्यांनी हा रस्ता एरवीच्या रविवारी चालावा, मोकळा असतो.

शेवटची चूक म्हणजे त्याच संध्याकाळी भवानी पेठेत दर्शनाचा हट्ट. तुकोबांची पालखीही त्याच दिवशी येते, नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. पेठांमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या चौकात पालखीला हात जोडतो आणि शिवाजीनगरहून मेट्रो धरतो. दोन्ही पालख्या दुसऱ्या दिवशी पुण्यातच असतात. अंघोळ करून, त्याच जुन्या सँडल घालून निवांत जातो.